गाडीखालून ऐकलेलं कीर्तन

"विश्राम, आता काही तुझ्या गाडीतून मी यायची नाही हो," अक्का म्हणाल्या आणि दाराला धरून तशाच उभ्या राहिल्या. एक पाय गाडीच्या पायरीवर, दुसरा खाली अंगणात. कमरेत अशी कळ भरली होती की खालचा वर घेता येईना आणि वरचा खाली.

मी धावत पलीकडून आलो, हात दिला. त्यांना ओटीवर नेऊन टेकवलं.

"गाडीतून नाही म्हणजे? दुसरी कुणाची बघताय काय?" मी विचारलं.

"दुसरी कुणाची कशाला? बाहेरगावची कीर्तनंच थांबवते. शिवरात्रीला देवझरीच्या रामेश्वराला शब्द दिलाय, तेवढं एक करीन कसंबसं. डॉक्टर म्हणाले, मणका आहे, नारळ नव्हे आदळायला."

मथुताई बिवलकर, म्हणजे आमच्या अक्का, तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या होत्या. नऊवारी कासोटा, कपाळाला बुक्का, आणि आवाज असा की मागच्या रांगेतली तान्ही पोरंसुद्धा रडायची थांबत. वीस वर्षं मी त्यांना माझ्या पिकअपमधून नेत होतो. हंगामात तिच्यात आंब्याच्या पेट्या, एरवी अक्का, पेटीवाले गोगटे मास्तर आणि मागच्या हौद्यात तबल्याची जोडी; तबलजी त्या त्या गावचा. कीर्तनात मी मागे उभा राहून झांज वाजवायचा. मी गुरवाचा, देवळातच वाढलेला. पण देवाचं बोलणं मला कळलं ते अक्कांच्या तोंडून. त्यांची बाहेरगावची कीर्तनं थांबली की माझं काय उरणार? पेट्या.

"बारा दिवस आहेत शिवरात्रीला," मी म्हटलं. "गाडी पाळण्यासारखी करून देतो. मग ठरवा."

अक्का हसल्या. "पाळणा नको रे. नुसती बैलगाडीसारखी झाली तरी पुरे."

गाडी घरीच करायची ठरवली. पाने-जॅक होतेच, पण बोल्ट सोडवणं वेगळं आणि गाडी मऊ करणं वेगळं. माझी बायको सुगंधा म्हणाली, "खालच्या वाडीतला जयवंत मांडवकर आलाय की मस्कतहून. पंधरा वर्षं गाड्यांच्या स्प्रिंगच्या पाट्यांचंच काम केलंय म्हणे. बोलवा त्याला."

मीच बोलावलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत होतो की तो आपणहून घुसला.

जयवंत चाळिशीचा, बारीक अंगाचा, बोलायला मऊ. आला, गाडीखाली शिरला आणि आतूनच हसायला लागला.

"दादा, हे नऊ पाटे कुणी घातले?"

"मीच. मूळचे सात. आंबे भरले की ढुंगण टेकायची गाडी, म्हणून दोन्ही बाजूंना दोन-दोन वाढवले."

"पेट्या भरल्यावर ठीक. पण पेट्या उतरल्या की हे पाटे वाकणार कुणाच्या वजनाने? अक्कांच्या? पाटा वाकला नाही की खड्डा सरळ माणसात शिरतो." तो बाहेर आला, हात पुसले. "सातच ठेवू. गंज काढू, मधे ग्रीस, टोकांना नायलॉनच्या पट्ट्या. सांध्यातले रबरी बुश सगळे नवे. शॉकअप तर मेलेलेच आहेत, ते बदलू. बघा तुम्ही, पेला भरून ठेवला तरी हिंदकळणार नाही."

मागचा भाग उचलून जांभ्याच्या चिऱ्यांवर ठेवला, चिऱ्यांवर फणसाच्या फळ्या. पाट्यांच्या दोन्ही कमानी उतरवल्या. एकेक पाटा सुटा करून अंगणात मांडला तेव्हा मला ती लहानापासून मोठ्यापर्यंत बसवलेली पंगतच वाटली. तो पहिला दिवस चांगला गेला. मला जयवंत आवडलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी अक्का त्यांच्या ओटीवर आख्यानाची उजळणी करायला बसल्या. आमच्या दोन घरांमधे फक्त एक दगडांचा गडगा, कमरेइतका. शिवरात्रीचं म्हणून शिकारी आणि हरिणीचं आख्यान होतं. बेलाच्या झाडावर बसलेला शिकारी, खाली आलेली हरिणी, ती म्हणते पाडसांना भेटून येते, मग मार. मी ते वीस वर्षं ऐकत होतो. डोळे मिटून ऐकायचं, पाणी आलं तर येऊ द्यायचं, झांज चुकवायची नाही, हे माझं ऐकणं.

जयवंत ब्रशने गंज घासत होता. घासता घासता थांबला आणि गडग्यावरून ओरडला, "अक्का, एक विचारू? तिला जाऊ दिल्यावर तो शिकारी खाली का नाही उतरला? घरी का नाही गेला?"

मला वाटलं, अक्का रागावणार. उजळणीच्या मधे कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. माझ्यावर एकदा शिंकण्यावरूनसुद्धा रागावल्या होत्या.

अक्का उठल्या. कमरेवर हात ठेवून हळूहळू गडग्यापर्यंत आल्या. "हे मला चाळीस वर्षांत कुणी विचारलं नाही रे," त्या म्हणाल्या. "तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, त्याला बघायचं होतं. ती परत येते की नाही. आपण विश्वास ठेवला तो बरोबर होता का, ते." जयवंत पुन्हा ब्रश चालवायला लागला. "परदेशात असताना बायकोच्या पत्राची वाट बघायचो आम्ही, तसंच."

अक्कांनी गडग्यावर दोन्ही हात टेकले. मी ग्रीसचा डबा उघडत होतो. झाकण काही निघेना.

पुढचे दिवस असेच. सकाळी जयवंत यायचा, आणि गाडीच्या आधी गडग्याकडे बघायचा. अक्का ताकाचा पेला घेऊन यायच्या. एकच पेला. मग आठवण झाली की, "विश्राम, तुलाही आणू का रे?" मी म्हणायचा, "नको, आत्ताच चहा झाला."

"कधी झाला?" सुगंधा आतून विचारायची.

रात्री जेवताना ती म्हणाली, "मला सवत आली असती तरी मी एवढी जळले नसते हो."

"कोण जळतंय?"

"भात करपलाय काय मग? वास येतोय खरा."

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. अक्कांच्या कीर्तनात पूर्वरंगात एक दृष्टान्त असायचा, आणि तो नेहमी आपल्यातला, रोजचा. पुराणातला राजा समजवायला त्या खालच्या आळीतला पोस्टमन आणायच्या. गोगटे मास्तरांची हरवणारी छत्री त्यांनी मायेवर बोलताना तीन गावांत सांगितली. माझ्या बायकोचं नारळ सोलणंसुद्धा आलं, वैराग्यात. आणि सुगंधा पुढे महिनाभर नारळ सोलताना मान ताठ ठेवायची. मी मात्र दृष्टान्तात कधीच आलो नाही. वीस वर्षं शेजारी बसून गाडी चालवली, पण देवाच्या दारात सांगण्यासारखं अक्कांना माझ्यात काही दिसलं नाही. कुणाला बोललो नव्हतो. असलं मागायचं नसतं. पण प्रत्येक कीर्तनात अक्का "आता बघा, आमच्या गावात एक गृहस्थ आहेत" असं म्हणाल्या की माझी झांज आपोआप थांबायची.

आठव्या दिवशी अक्का गडग्यावर रेलून जयवंताचं काम बघत होत्या. तो पाट्यांच्या मधे ग्रीस लावत होता.

"हे एकमेकांवर घासत नाहीत का रे?"

"घासायलाच पाहिजेत, अक्का. प्रत्येकाने दुसऱ्यावरून थोडं सरकायचं, तरच कमान वाकते. गंज धरला की चिकटतात एकमेकांना. मग सात पाटे राहात नाहीत, एक धोंडा होतो. आणि माणसं म्हणतात, पाटे मजबूत आहेत."

"थांब. थांब हं." अक्का वळल्या, ओटीवर गेल्या, दृष्टान्ताची निळी वही घेऊन आल्या. चष्मा लावला. "परत सांग. सावकाश."

तो परत सांगत होता आणि त्या लिहून घेत होत्या. माझ्या गाडीचे पाटे, माझ्या अंगणात, माझ्या चिऱ्यांवर. मी पान्याने एक नट आवळत होतो. तो आधीच आवळलेला होता.

दहाव्या दिवशी गाडी खाली उतरली. पाण्याच्या टाकीपर्यंत नेऊन आणली. काय सांगू, गाडी खड्ड्यात अशी उतरायची जशी म्हैस पाण्यात उतरते. सुगंधा शेजारी बसली होती, म्हणाली, "बाई गं, आपलीच का ही?"

त्या दुपारी जयवंत म्हणाला, "दादा, उद्या मी बहिणीकडे जाऊन येतो. शिवरात्रीला सकाळी हजर. अक्का म्हणाल्यात, तूही चल देवझरीला."

"चल की," मी म्हटलं. "हौद्यात जागा आहे."

दुसऱ्या दिवशी तो नव्हता. मी गाडी परत चिऱ्यांवर घेतली. काढून ठेवलेल्या चार पाट्यांतले दोन उचलले, आणि डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक, असे बसवले. सकाळी सातला सुरुवात केली, जेवायची वेळ टळून गेली.

सुगंधा दारात आली. "हे काय आता?"

"हंगाम आलाय. गाडी आंब्यांनाही लागते, नुसती कीर्तनाला नाही."

"हंगामाला महिना आहे अजून."

"मला माझी गाडी कळते."

ती आत गेली. मीही स्वतःशी हंगाम हंगाम असंच म्हणत होतो. एक पाटा, दोन नाही, मधला मार्ग. खोटं बोलायचं तर माणूस त्यात थोडं मोजमाप घालतो.

शिवरात्रीला दुपारी एकला निघालो. अक्का खिडकीशी, मधे गोगटे मास्तर, मी. मागे हौद्यात जयवंत, पेटी आणि तबला सांभाळत. चाळीस किलोमीटर, त्यातले बारा घाटाचे.

पहिल्या खड्ड्यालाच मागचा भाग उडाला. अक्कांचा हात समोर गेला.

"आधीपेक्षा पुष्कळ बरं आहे हो," त्या म्हणाल्या.

दुसऱ्याला त्यांनी ओठ मिटले. तिसऱ्याला मास्तर म्हणाले, "अरे सावकाश!" मी सावकाशच होतो. घाटात मी गाडी इतकी हळू केली की मागून येणारा सायकलवाला पुढे गेला. पण रस्ता सगळा जांभ्याचा, उखडलेला, आणि तो पाटा काही वाकेना. अक्का मनात नाम घेत होत्या. ओठ हलताना दिसत होते. त्या प्रत्येक वळणावर मला कळत होतं मी काय केलंय. मला हंगाम नको होता. जयवंताचं काम फुकट गेलेलं अक्कांना कळावं, आणि ते त्यांच्या कमरेतून कळावं, एवढंच मला हवं होतं. कळत होतं आणि मी गाडी चालवत होतो.

देवझरीला देवळाच्या आवारात गाडी थांबवली. अक्कांना उतरता येईना. मी आणि मास्तरांनी दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं. चेहरा पांढरा पडला होता.

जयवंत मागून उडी मारून आला. त्याने अक्कांकडे बघितलं, मग चाकाकडे. खाली वाकला, हात आत घातला आणि पाट्यांच्या कडांवरून बोट फिरवत गेला, एकेक करून, पेटीच्या पट्ट्यांवरून फिरवावं तसं. शेवटच्यावर बोट थांबलं. तो उठला आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

"जयवंता," अक्का म्हणाल्या, "पाण्याच्या टाकीपर्यंत तर छान गेली म्हणे ना रे?"

मी गाडीची किल्ली खिशात घातली.

"माझाच अंदाज चुकला, अक्का," जयवंत म्हणाला. "लांबच्या रस्त्यावर चालवून बघायला हवी होती. तेवढ्यावरून कळत नाही. माफ करा."

"असू दे रे. माणूस चुकतो." पण त्यांचा आवाज जरा कोरडा झाला होता. पुजाऱ्यांच्या घरी त्यांना आडवं व्हायला नेलं. जाताना मास्तरांना म्हणाल्या, "बसून करा म्हणतील लोक. मी उभीच राहणार. नारदाच्या गादीवर बसून बोलायचं नसतं."

आवारात आम्ही दोघंच उरलो.

"का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"काय सांगू, दादा? परत चाळीस किलोमीटर त्यांना तुमच्याच शेजारी बसायचंय." त्याने मागच्या फळीवरची धूळ उगाचच झटकली. "पाटे का घातलेत ते नाही विचारत. फक्त एक सांगा, जाताना त्यांना याच गाडीतून न्यायचंय का?"

मी हौद्यात चढलो. जॅक, पाने, शिकंजा, सगळं काढलं. देवळाच्या भिंतीशी चिरे पडले होते, ते ओढले. जयवंत सदऱ्याच्या बाह्या वर करायला लागला.

"तू नाही," मी म्हटलं. "तू आत जा." पिशवीतून झांज काढली आणि त्याच्या हातात दिली.

"मला येत नाही."

"आठ दिवस गडग्याआड पान्यावर ठेका धरत होतास. मला दिसत नव्हतं काय?"

त्याने झांज घेतली. आत जाताना एकदाच वळून बघितलं.

चार वाजता नमन सुरू झालं. मी गाडीखाली उताणा. अक्कांचा आवाज भिंतीवरून यायचा, वाऱ्यावर कधी उजव्या कानाला, कधी डाव्या. आधी जरा दबलेला होता; मग उघडला. माझ्यापुढे एक अडचण होती. गंजलेला नसला तरी पाटे मधोमध धरणारा सेंटर बोल्ट हातोड्याशिवाय निघत नाही, आणि देवळात कीर्तन चालू असताना हातोडा कसा घालणार? म्हणून मी गजराची वाट बघायचा. "पार्वतीपते" असं आतून आलं की हातोडा उचलायचा, आणि दीडशे माणसं "हर हर महादेव" म्हणाली की घालायचा. दोन गजरांत डाव्या बाजूचा बोल्ट निघाला. तेवढ्यापुरतं मला वाटलं, मीही आहे कीर्तनात.

मग पूर्वरंग. आतली झांज एकदोनदा डगमगली, मग लागली. बरी वाजवत होता. मी पाटे शिकंज्यात धरले होते आणि स्क्रू थोडा थोडा सोडत होतो. दाबलेली कमान अशीच सोडावी लागते, केस केस. हात काढला तर पाटे उसळून तोंडावर येतात.

आणि तेव्हा आतून आलं, "आता बघा, आमच्या गावात एक गृहस्थ आहेत."

आता पाटे, मी म्हटलं मनाशी. आता गंज आणि धोंडा. सांगा, अक्का. चांगलं आहे ते.

"नाव त्यांचं विश्राम," अक्का म्हणाल्या.

माझे दोन्ही हात शिकंज्यावर होते. मान वर करता येईना. वारा फिरला. लोक हसले, मोठ्याने, मनापासून. मग अक्कांचा आवाज खाली गेला, त्या एखादी गोष्ट जवळ बोलावून सांगायच्या तेव्हा जायचा तसा. मी श्वास धरला. एक शब्द येईना. "घाट" ऐकल्यासारखं वाटलं, किंवा "गाठ". मी ओरडू का? काय ओरडू? पुन्हा एकदा लोक हसले, आणि मग आत इतकं शांत झालं की मला देवळामागच्या झऱ्याचं पाणी ऐकू आलं. झांज वाजायला हवी होती. वाजली नाही. मास्तरांनी सूर धरून ठेवला, धरून ठेवला, आणि मग गजर झाला.

तो गजर मी फुकट घालवला. हातोडा उचलायचं सुचलंच नाही.

आरतीपर्यंत उजवी बाजूही झाली. लोक बाहेर यायला लागले. मी ग्रीसने माखलेला, गाडीखालून निघत होतो. एकजण म्हणाला, "हेच काय ते विश्राम?" आणि हसत हात जोडले. एक म्हातारी जवळ आली, माझ्या खांद्याला हात लावून तो आपल्या कपाळाला लावला आणि निघून गेली. मी जयवंताला गाठलं.

"काय म्हणाल्या रे?"

तो झांज पुसत होता. "मला नाही सांगता येणार, दादा."

"सांगता येणार नाही म्हणजे? दोन तास बसला होतास ना समोर?"

"अक्का सांगतात तसं माझ्या तोंडून नाही येणार. बिघडेल." त्याचे डोळे लाल होते. "माझी झांज चुकली तिथे. ऐकू आलं असेल तुम्हाला."

ऊन उतरताना निघालो. पहिला खड्डा आला. गाडी खाली गेली आणि वर आली. अक्कांनी डोळे उघडले.

"काय केलंस आता?"

"पाटा काढला." मी गिअर उतरवला. "मीच घातला होता, अक्का. जयवंत बहिणीकडे गेला तेव्हा. तो खोटं बोलला तुमच्याशी. त्याचा अंदाज बरोबर होता."

गोगटे मास्तर मधे बसले होते. त्यांनी पेटीवाल्या माणसाला शोभेल इतकी मान खाली घातली.

"का रे?"

"तुम्ही त्याचं वहीत लिहून घेतलंत म्हणून."

घाट सुरू झाला. दोन वळणं गेली. अक्का बाहेर बघत होत्या.

"ते आज घ्यायचं होतं मला," त्या शेवटी म्हणाल्या. "पाठ केलं होतं. उभी राहिले आणि आठवेचना. कळ अशी होती. मग घाटातला तू दिसलास. आलास तोंडात. मी काही ठरवलं नव्हतं."

"काय सांगितलंत, अक्का?"

"झालं ते आता."

"पुन्हा कधी सांगाल?"

"जे सांगितलं ते सांगताना मला तू जो माहीत होतास," त्या म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य त्यांनी अर्ध्यावरच ठेवलं. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "जयवंताची माफी तुझी तू माग. माझी मागायची असली तर गाडी अशीच ठेव."

दोन्ही केलं. गाडी सात पाट्यांवरच राहिली. हंगामात मी पेट्या कमी भरल्या, खेपा जास्त केल्या. अक्का पुढे सहा वर्षं बाहेरगावी कीर्तनाला उभ्या राहिल्या. पाट्यांचा दृष्टान्त त्यांनी किती गावांत सांगितला याला गणती नाही, आणि दर वेळी जयवंत मांडवकराचं नाव घेऊन. मी मागे उभा असायचा, तो माझ्या शेजारी. दोन झांजा झाल्या होत्या. माझा दृष्टान्त त्यांनी पुन्हा सांगितला नाही. त्या गेल्यावर निळी वही मी मागून घेतली आणि पान पान बघितली. ऐनवेळी सुचलेलं कोण लिहून ठेवतो?

देवझरीला मी अजून दर शिवरात्रीला जातो. तिथे ते कीर्तन ऐकलेली माणसं आहेत. एक म्हणतो, तुम्ही उतारावर गाडी बंद करून सोडायचात ते होतं. दुसरा म्हणतो, छे, झांजेचं होतं काहीतरी. मास्तर म्हणायचे, मी सूर सांभाळू की शब्द? आणि जयवंत, आज इतका जवळचा झालाय, माझ्या मुलीच्या लग्नात मामा म्हणून उभा राहिला, पण तेवढं एक तो सांगत नाही. म्हणतो, बिघडेल.

देवाने मला खूप दिलं. पण त्या दुपारी त्या देवळात जी दीडशे माणसं बसली होती त्यांचा मला हेवा वाटतो, एकेकाचा. आणि सगळ्यात जास्त त्याचा, ज्याची झांज चुकली.